ओवाळणीत साकव

बस, बस — पाटावरच बस, खुर्चीवर नको. खुर्चीसाठीच तर आलायस, पण ती मागाहून, आधी पाट. आणि तोंड पूर्वेला कर. तिकडं नाही रे बाबा, ती दक्षिण, तिकडं तोंड करून कोणी ओवाळून घेतं का — हां, असा. खरं म्हणजे पूर्व तुम्हा लोकांना बरोबर सापडते. रुळांपलीकडं तुळिंजला मतांचा ढीग, म्हणून निवडणूक लागली की सगळ्यांची तोंडं पूर्वेलाच. आम्हा पश्चिमेच्या वाडीवाल्यांकडं ओवाळून घ्यायला यायचं नि मतं मागायला तिकडं पळायचं. बुटांचं काय झालं? मोज्यांसकट भिजले? भिजणारच. ओढ्यावरच्या साकवाची उजवी फळी सुटलीय, पाय पडला की खालचं पाणी वर येतं. इथं शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे, साकवावरून डावीकडून चालायचं. एवढी माणसं बरोबर घेऊन फिरतोस — ढोलवाले, फोटोवाला, हा कानाशी बोलणारा चष्मेवाला — आणि एकाला सांगता येईना, दादा, डावीकडून या? असू दे. कृतिका, पाय पुसायला काही दे ग ह्यांना. ही माझी सून. केयूर, माझा मुलगा, कामावर गेलाय. बोळिंजला फ्लॅट बघून ठेवलाय दोघांनी, तूच बांधलेल्या कॉम्प्लेक्समध्ये म्हणे. दारातली नारळी-पोफळी सोडून चौदाव्या मजल्यावर जायचं आणि तिथं बाल्कनीत कुंडीत तुळस लावायची. हौस. मी काही बोलत नाही, हल्ली सासवांनी बोलायचे दिवस राहिलेत कुठं.

थांब जरा, तूप घट्ट आहे, फुलवात भिजायला वेळ लागतो. घाई आहे? प्रचाराचा नारळ फोडायचाय, मुहूर्त टळतोय? अरे, औक्षणाआधी नारळ फोडून चालत असतं तर तू मोजे भिजवत इथवर आला असतास का. तुझ्या कानावर घातलंच असेल कोणीतरी — जयवंतीबाईंनी ओवाळलेला पडत नाही. लोक म्हणतात बाबा, मी नाही म्हणत, मी आपली दिवा फिरवते. सुरुवात झाली मास्तरांपासून. मी लग्न होऊन आले त्या साली मास्तर उभे राहिले होते. पक्ष कोणता ते विचारू नकोस, तो आता कुठं आहे, तुम्हीच सगळ्यांनी वाटून घेतलात. तेव्हा आपला मतदारसंघ म्हणजे समुद्रापासून थेट डोंगरापर्यंत — वाडीवाले, मिठागरवाले, कोळी, पाड्यांवरचे, सगळ्यांचा मिळून एकच आमदार, त्यामुळे तो कोणालाच भेटायचा नाही. ओवाळायचा मान आमच्या घराचा, सासूबाई ओवाळायच्या. पण मामंजी आदल्या वर्षी गेले होते. मग सासूबाईंनी तबक माझ्या हातात दिलं आणि आपण जाऊन उभ्या राहिल्या माजघराच्या दारात. मी कसली बघतेय तिकडं! नवी नवरी मी, अंगावर शालू, पुढ्यात आमदार होणारा माणूस. मास्तर आले होते सायकल दामटत, कपाळाला हा घाम, मी लावलेलं कुंकू नाकापर्यंत ओघळलं. आणि निवडून आले. पुढच्या निवडणुकीला म्हणाले, मी असल्या गोष्टी मानत नाही, लोक माझं काम बघून मतं देतील. आले नाहीत. पडले. झालं, त्या दिवसापासून ह्या गावात काम कोणी केलं ते विचारायचं सोडून जयवंतीनं कोणाला ओवाळलं तेवढंच विचारतात.

मग शेठ. शेठ मोटारीतून आले, मोटार साकवाशी अडली, तिथून पुढं पांढऱ्या चपलांनी चालत आले — आणि तुझ्यासारखेच उजवीकडून. त्यांनी ओवाळणी म्हणून तबकात नोट टाकायला खिशात हात घातला, तर मी म्हटलं, “शेठ, ओवाळणीत नोट नको. साकव द्या. पक्का, मोटार जाईल असा.” सगळे हसले. शेठही हसले, म्हणाले, “वहिनी, दिला समजा.” दिला म्हणजे काय, भूमिपूजन केलं. पाटी बसवली, पेढे वाटले, माझ्याच वाडीतला नारळ माझ्याच दगडावर फोडला. पाच वर्षांनी परत आले, परत दिला समजा, परत पाटी. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, आणि वाढायला मी. त्यातल्या पहिल्या पाटीचा दगड चांगला गुळगुळीत होता, तो ह्यांनी उचलून आणून आमच्या बावखलाला पायरी म्हणून लावला. बावखल माहीत आहे ना, वाडीतलं तळं? तुझ्या कॉम्प्लेक्सच्या खाली दोन होती. तर त्या पायरीवर मी अजून कपडे धुते. शेठचं नाव नीट वाचता येतं, ‘शुभहस्ते’ तेवढं झिजलंय.

हे म्हणजे आमचे हरिश्चंद्र. नाव घेतलं तर चालतं आता. ह्यांची तऱ्हाच वेगळी. वाड्या वाचवा म्हणून मोर्चे निघाले तेव्हा हे नि आमच्या शेजारच्या लुसीचा नवरा गॅब्रिएल सगळ्यात पुढं. लाठी खाल्ली, घरी आले, हळद मी लावली. आणि त्याच घरात, त्याच ओटीवर, ज्याच्याविरुद्ध मोर्चा त्याला मी ओवाळतेय. काय करणार, दारी आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. मी ओवाळत असले की हे मागं बावखलाच्या काठी विडी ओढत बसायचे. मत द्यायचे कायम त्या मोर्चावाल्यांच्या माणसाला, आणि तो कायम पडायचा, तोही साधासुधा नाही, अनामत रकमेसकट. मी ओवाळलेला निवडून यायचा, ह्यांनी मत दिलेला आपटायचा — एका घरात यशही आमचं नि अपयशही आमचंच. मग निकालाच्या दिवशी हे म्हणायचे, “जयवंती, तुझ्या हाताला यश कुणामुळं? मी जिवंत आहे म्हणून तुला तबक धरू देतात. म्हणजे ह्या मतदारसंघाचा आमदार माझ्या जिवावर निवडून येतो, आणि माझंच मत फुकट.” मी म्हणायची, काहीतरीच बोलता. पण हिशोब चुकीचा नव्हता त्यांचा.

मध्ये मतदारसंघ फोडला. म्हणजे कोणीतरी नकाशावर रेघ मारली. घर इथंच, बावखल इथंच, साकव इथंच मोडलेला, आणि आम्ही सकाळी उठलो तर दुसऱ्याच मतदारसंघात. माझी नणंद धोंडूबाई सातिवलीला दिलीय, तिचा आमदार वेगळा झाला. तिनं फोनवर विचारलं, तुमचा कसा आहे ग? म्हटलं, दिसला की सांगते. मग महापालिका आली. गाव आत घेतलं, मग बाहेर काढा म्हणून हे मोर्च्याला गेले, मग काढतो म्हणाले, मग नाही काढत म्हणाले, शेवटी आम्ही आत आहोत की बाहेर ते आम्हाला घरपट्टी भरतानाच कळायचं. मग जिल्हा बदलला, ठाण्याचे होतो ते पालघरचे झालो. म्हणजे बघ, मी जागची हलले नाही, आणि मतदारसंघ बदलला, जिल्हा बदलला, ग्रामपंचायतीची महापालिका झाली. फक्त चप्पल न भिजवता साकव ओलांडायचा तेवढा राहिला. त्या गडबडीत एकदा एक बाई उभी राहिली होती. चांगली होती हो, शिकलेली, साकवाचं काय ते खाली उतरून बघून आली, कंबरेइतक्या पाण्यात. आता बाईला काय करायचं, म्हणून मी तिची ओटी भरली. ती पडली. लोक लगेच म्हणाले, जयवंतीबाईंचं ओवाळणं लागतं, ओटी लागत नाही.

आणि मागच्या वेळी, आता तू ज्याच्याविरुद्ध उभा आहेस तो. त्यालाही मीच ओवाळलं, ह्याच पाटावर. तू तेव्हा त्याच्या मागं उभा होतास. काय मान हलवतोस, होतास. गळ्यात तेव्हाचं उपरणं वेगळ्या रंगाचं होतं एवढंच. लाडू खाल्लेस दोन, आणि मागं वाडीत जाऊन ह्यांच्या पाया पडलास, म्हणालास, आजोबा, आशीर्वाद असू द्या. ह्यांनी विडी लपवली आणि आशीर्वाद दिला. पुढं तुम्हा दोघांचं फाटलं, आणि आता तू त्याला गद्दार म्हणतोस नि तो तुला. दोघंही खरं बोलताय, असं निवडणुकीत क्वचित होतं.

भिजली वात. कृतिका, सुपारी कुठं ठेवलीस? आणि अंगठी? बघ, सगळं हिला आधी ठाऊक असतं. परवा मोबाईलवर औक्षणाची ताटं बघत बसली होती, मोत्यांची, आरशांची, काय काय. म्हटलं, असेल तिच्याही मनात, माणूस आहे.

बरं, एक विचारू? आत येताना तू दाराकडं बघितलंस का? नाही, तू फोटोवाल्याकडं बघत होतास. आळीत सगळ्यांकडं कंदील अजून लटकतायत, तुळशीचं लग्न व्हायचंय ना. लुसीकडंसुद्धा चांदणी लागली, तिच्या नाताळाला अजून किती अवकाश आहे. आमच्याच दाराला कंदील नाही. यंदा दिवाळी नाही केली आम्ही. श्रावणात हे गेले.

असा दचकू नकोस. तुला ठाऊक आहे. तूच तर सगळ्या गावाला कळवलंस — नाक्यावर केवढा फ्लेक्स लावला होतास! ‘कै. हरिश्चंद्रभाऊ यांना भावपूर्ण श्रद्धांजली’, शोकाकुल खाली तू. ह्यांचा फोटो वर कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि मधोमध तू, हात जोडून, दात दिसतायत. दहाव्याला केयूर म्हणाला, आई, लोकांना वाटेल हाच गेला. पोरांनी लावला असेल, तुला विचारलं नसेल? असेल तसं. तुमच्याकडं मयतीचं दुःख पोरांकडं दिलेलं असतं, वाढदिवसाचा आनंदही त्यांच्याकडंच. पुढच्या आठवड्यात त्याच बांबूंवर तुझ्या वाढदिवसाचा लागला. फोटो तोच.

नाही, रागावले नाही. रागवायचं कशाला, तू निदान फ्लेक्स तरी लावलास. इतक्या वर्षांत ज्यांना ज्यांना ओवाळलं त्यांच्यापैकी एक आला नाही दाराशी. मास्तर असते तर आले असते. ते पडल्यावरही दर गणपतीला यायचे. हरलेला माणूस घरी येतो हे मी एकदाच बघितलं. दुपारची वेळ होती, ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू, रुग्णवाहिका वेळेवर आली. साकवापर्यंत आली. पुढं कशी येणार? मग लुसीच्या मुलांनी ह्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून साकवावरून नेलं, डावीकडून, एकेक पाऊल, खाली पाणी भरून चाललेलं. हे तशातही मला म्हणतात कसे, “जयवंती, मिळाली बघ शेवटी मलाही खुर्ची.” तेवढंच. पलीकडं पोचल्यावर बोलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. बरोबर आहे, सांगता येत नाही. म्हणून मीही कोणाला काही सांगत फिरत नाही. तू पाटावर बसलायस म्हणून निघालं.

हे कपाळावरचं बघतोयस? हां. हे आजचं आहे. परवा त्या दुसऱ्याची, तू गद्दार म्हणतोस त्याची, फेरी आली होती. मी काही वाट बघत नव्हते हं. निरांजन घासून ठेवलं होतं, पण ते मी एरवीही घासते. ढोल वाजत वाजत साकवापर्यंत आला, थांबला, आणि वळला पलीकडच्या आळीला. तिथं एक सून आहे, नवीन, तिनं ओवाळलं म्हणे. म्हणजे त्याला ठाऊक होतं. निदान एवढी बातमी त्यानं ठेवली होती. मी आपली दारात उभी. कृतिकानं बघितलं मला तसं. आणि आज तुझा ढोल आला. म्हटलं, हाही वळेल. तर वळला नाही, साकवावर चढला. तेव्हा मी आत गेले, करंडा काढला आणि श्रावणानंतर पहिल्यांदा हे लावलं. वाकडं लागलंय बघ. मला वाटलं, ह्यानं फ्लेक्स लावला म्हणजे ह्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असून येतोय. म्हणजे हा वेगळा निघाला. एवढे आमदार बघितले मी, एवढी पाटी-पूजनं झाली, आणि तरी वाटलं. लुसीला नाही पडत असले प्रश्न. गॅब्रिएल गेला, तिनं काळं नेसलं, दिवस झाले, आणि पुढच्या नाताळाला तिच्या हातचा केक तुम्ही सगळ्यांनी खाल्लात, कोणी विचारलं नाही, मावशी, तुमचा नवरा आहे का? तबक मात्र नवऱ्याचं असतं. आम्ही नुसत्या धरायच्या.

तर आता बोल. वात पेटलीय. ओवाळू?

काय रे, काय सांगितलं ह्या चष्मेवाल्यानं कानात? मोठ्यानं बोल की, माझ्याच घरात बसून माझ्यापासून लपवायचं काय? अच्छा. ओवाळणं राहू दे, नमस्काराचा फोटो घेऊ, ‘ज्येष्ठांचे आशीर्वाद’ म्हणून. वा. म्हणजे पाय चालतात. त्याच बाईच्या हातचं कुंकू तेवढं चालत नाही. हुशार आहे हो हा, पुढच्या वेळी हाच उभा राहील बघ तुझ्याविरुद्ध. नाही, वाकू नकोस, पाय मी पदराखाली घेतलेत. आणखी काय म्हणतो? हां. सूनबाईंनी ओवाळलं तर कसं. बरोबर आहे. घराचा मान घरातच राहिला, मुहूर्तही टळला नाही, कोणी दुखावलंही नाही. साकवाचं काही का होईना, तबकाचा रस्ता पक्का आहे आमच्याकडं, कधी मोडत नाही — सासूबाईंकडून माझ्याकडं आलं, माझ्याकडून हिच्याकडं. माजघराचं दार काही लांब नाही, जाते मी, उभी राहते. सासूबाई तिथं उभं राहून काय बघायच्या ते कळेल तरी.

कृतिका, ये ग. लाजू नकोस, तुला हौस आहे ते ठाऊक आहे मला. पदर बिदर काही नको, ड्रेसवर चालतं आता. घे. दोन्ही हातांनी धर, तूप सांडेल.

अग — तिकडं कुठं? पाट इकडं आहे. कृतिका...

गेली.

मी काही शिकवलं नव्हतं हं तिला. शपथ घेते हवं तर. तूही बघितलंस, तबक घेतलं आणि तुझ्या पुढ्यातून सरळ आत. ह्यांच्या फोटोसमोर ठेवलं वाटतं. तुला दिसतंय का तिथून? मलाही नीट दिसत नाही, डोळ्यांत धूर गेला. आणि मी म्हणत होते, ही पोरगी चौदाव्या मजल्यावर जाऊन काय करणार. जाऊ दे तिला, जिथं जाईल तिथं बरं करील.

ऊठ आता. पाट इकडं दे, आम्हाला लागेल. ढोलवाले खोळंबलेत बाहेर, मुहूर्त टळेल. तसाच जा, कपाळ कोरडं राहिलं म्हणून माणसाचं काही होत नाही, माझं राहिलंच होतं की. फोटो नको काढूस रे तू, खाली घे ते. आणि हर्षवर्धन — साकवावरून कुठल्या बाजूनं जायचं ते मघाशीच सांगितलंय मी. ऐकत होतास ना?